आडनावाचा रकाना

या लेखाबरोबर माझं पूर्ण नाव छापलेलं आहे. मराठी वाचकाने ते वाचलं असेल, तर माझ्याबद्दलची एक गोष्ट त्याला पहिल्या वाक्याच्या आधीच कळलेली आहे. याच अंकात इतर भाषांचे वाचक आहेत. त्यांनी हे नाव वाचलं तर त्यांना एवढंच कळेल, की बाई महाराष्ट्रातल्या असाव्यात. या दोन वाचकांच्या मधल्या जागेत मी २००९ पासून राहते आहे. त्या जागेचा पत्ता चंडीगड.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. हे सांगितलं की पुष्कळांना वाटतं, साहेबांचे फोन घेणारी कुणीतरी. काम तसं नसतं. संचालक मंडळाच्या बैठका बोलवायच्या, विषयपत्रिका काढायची, इतिवृत्त लिहायचं, वार्षिक अहवाल वेळेत तयार करायचा आणि कायद्याने मागितलेले फॉर्म भरायचे. आमचे कंपनी निबंधक मध्य मार्गावर, सेक्टर २७ मधल्या कॉर्पोरेट भवनात बसतात. आता सगळं ऑनलाइन झालंय, पण सुरुवातीच्या वर्षांत मी फायली घेऊन तिथे इतके खेटे घातलेत, की बाहेरचा चहावाला मला साखर किती हे विचारत नसे. बैठकीच्या टेबलाशी माझी खुर्ची असते, पण मला मत नसतं. मी ऐकते आणि लिहिते.

नवऱ्याच्या बदलीमुळे मुंबई सोडली आणि शहराबाहेर कारखाना असलेल्या एका मध्यम आकाराच्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात हिशेब खात्यातले एक सरदारजी म्हणाले, "महाराष्ट्र? फिर तो आप भगत नामदेवजी के देश से हो." गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे मी शाळेत वाचलं होतं, पण त्या नावाने कुणी मला खुर्ची पुढे करेल असं वाटलं नव्हतं. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तर ऑफिसातल्या लोकांनी माझंच अभिनंदन केलं. एका शिंप्याच्या पुण्याईवर मी इथे स्थिरावले.

मुंबईत असं नव्हतं. तिथे प्रत्येक मुलाखतीत तीन प्रश्न ठरलेले असायचे. मूळच्या कुठल्या? कोकणातल्या. कोकणात कुठे? रत्नागिरी जिल्हा. मग आडनावाकडे पुन्हा एकदा बघून, थोडं थांबून, तिसरा: राहायला कुठे? वरळी, बीडीडी चाळ. यानंतर प्रश्न संपायचे. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही वाईट यायचं असं नाही, फक्त कुतूहल निघून जायचं. चंडीगडला तो तिसरा प्रश्न उरला नाही. पंजाबातही जात विचारण्याची रीत आहेच. "पिच्छों कित्थों दे हो?" एवढं विचारून गाव काढतात आणि गावावरून पुढचं सगळं. १६९९ साली आनंदपूर साहिबला सगळ्यांना सिंह हे एकच नाव मिळालं, तरी त्यामागे गोत लावायची सवय पुरती गेली नाही. पण त्या जाळ्याची वीण इथल्या आडनावांसाठी होती. माझं आडनाव त्यातून सहज निसटलं.

एका दिवाळीच्या सुमाराला बैठक संपल्यावर आमचे प्रवर्तक, म्हणजे ज्यांच्या घराण्याची कंपनी ते, मोठ्या आपुलकीने म्हणाले, "आप लोग तो पेशवाओं वाले होंगे, ब्राह्मण?" मी म्हटलं, "सर, पिछली मीटिंग के मिनट्स पर आपके दस्तखत बाकी हैं." त्यांनी सही केली आणि माझ्या न बोलण्याचा अर्थ होकार असा घेतला. मी तो तसाच घेऊ दिला. खोटं बोलले नाही, अशी माझी समजूत मी पुढे अनेक वर्षं काढत राहिले.

आता थोडं कायद्याबद्दल. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या मंडळावर निदान एक स्त्री हवी असं ठरवलं. देशभरच्या घराण्यांनी त्यावर एक सोपा उपाय काढला: घरातल्याच सुना, मुली, पत्नी संचालक झाल्या. आमच्याकडेही झाल्या, फॉर्म मीच भरला. मग सेबीने सांगितलं की नात्यातली नको, स्वतंत्र स्त्री संचालक हवी. पहिल्या पाचशे कंपन्यांना १ एप्रिल २०१९ ही मुदत होती, पुढच्या पाचशेंना १ एप्रिल २०२०. आम्ही दुसऱ्या टप्प्यात होतो. शोध सुरू झाला. शोध म्हणजे काय, तर गोल्फ क्लबातली ओळख, शाळेतली ओळख, जुन्या बँकरची ओळख. यादीत पाच नावं आली. पाचही बायका हुशार होत्या, त्यात शंका नाही. पण यादी वाचून झाल्यावर प्रवर्तक जे बोलले ते मी इतिवृत्तात लिहिलं नाही: "अच्छा है, सब अपने जैसे ही हैं."

'अपने जैसे' म्हणजे कसे, याचं उत्तर मला आधीच माहीत होतं. मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ऑगस्ट २०१२ मध्ये अजित, डॉन्कर आणि सक्सेना या तिघांचा एक अभ्यास आला होता. देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जात त्यांनी तपासली. जवळपास ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. इतर मागासवर्गीय ३.८ टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. जात कळली कशी? कुठल्याच फॉर्ममध्ये तो रकाना नाही. संचालक व्हायला जो अर्ज भरावा लागतो त्यात वडिलांचं नाव आहे, जन्मतारीख आहे, राष्ट्रीयत्व आहे, लिंग आहे, जात नाही. अभ्यासकांनी ती मुख्यतः आडनावांवरून काढली. म्हणजे मुलाखतीला बसलेला माणूस जे दोन सेकंदांत करतो, तेच त्यांनी नीट मोजून केलं.

त्याआधी पाच वर्षं, २००७ मध्ये, त्याच नियतकालिकात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी दुसऱ्या टोकाची गोष्ट मोजली होती. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. मुस्लिम नावाची तर दोन तृतीयांशाने. थोरात अमरावती जिल्ह्यातले. त्यांना हे मोजावंसं का वाटलं असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

बाहेरच्या देशांत या प्रश्नाला वंशाचं नाव आहे. ब्रिटनमध्ये २०१७ च्या पार्कर अहवालाने शंभर मोठ्या कंपन्यांपुढे उद्दिष्ट ठेवलं, की २०२१ पर्यंत प्रत्येक मंडळावर निदान एक गौरेतर संचालक असावा. अमेरिकेत नॅसडॅक शेअर बाजाराचा संचालकांच्या विविधतेबद्दलचा नियम २०२१ मध्ये मंजूर झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. तिथे निदान भांडण तरी उघड चालतं. गंमत अशी, की लंडनच्या टेबलाशी बसलेला भारतीय माणूस तिथे 'विविधता' म्हणून मोजला जातो. तोच दिल्ली-मुंबईच्या टेबलाशी बसला तर बहुधा त्या ९३ टक्क्यांतला असतो. आपल्याकडे २००६ मध्ये कायद्याऐवजी स्वेच्छेचा रस्ता निवडला गेला. उद्योगसंघटनांनी आचारसंहिता केली आणि ती मुख्यतः नोकऱ्या, प्रशिक्षण, शिष्यवृत्त्या यांच्याबद्दल होती. मंडळाच्या खोलीचं दार त्या संहितेत नव्हतं.

आता पगाराकडे येते, कारण माझी खरी टोचणी तिथे आहे.

कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार नोंदलेल्या कंपनीला दरवर्षी जाहीर करावं लागतं, की प्रत्येक संचालकाचं मानधन कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या मध्यकाच्या किती पट आहे. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे एका रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचा पगार. ही पट काढायचं काम आमच्याकडे मी आणि हिशेब खातं मिळून करतो. आकडा मोठा आला की प्रवर्तकांच्या कपाळावर आठी येते, कारण तो वर्तमानपत्रांत छापून येऊ शकतो.

पण त्या रांगेत कोण उभं असतं? समजा एका ठिकाणी सात माणसं आहेत. तिघांचे पगार बारा, बारा आणि तेरा हजार. मग तीस, चाळीस आणि साठ हजार. आणि शेवटी साहेब, पंधरा लाख. मधला माणूस तीस हजारांचा, म्हणून पट पन्नास. आता पहिल्या तिघांना, म्हणजे झाडूवाला, माळी आणि पहारेकरी यांना ठेकेदाराकडे द्या. ते रोज त्याच फाटकातून येतात, तेच काम करतात, पण आता ते कंपनीचे कर्मचारी नाहीत. रांगेत चारच उरले. मध्यक चाळीस आणि साठ यांच्यामध्ये सरकतो, बरोबर पन्नास हजारांवर. पट तीस. एकाचाही पगार एका रुपयाने वाढला नाही, साहेबांचा एका रुपयाने कमी झाला नाही, आणि दरी चाळीस टक्क्यांनी कमी झाली. यात कुठलाही नियम मोडलेला नाही. हे मी अनेक वर्षं करत आले आणि खाली सही करत आले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. संप कधी संपला हे कुणी सांगितलंच नाही, तसे ते गिरणीतून गेले आणि मग नरिमन पॉइंटच्या एका इमारतीखाली पहारेकरी म्हणून उभे राहिले. एका एजन्सीकडून, बारा-बारा तासांच्या पाळीत. ती इमारत कंपन्यांनी भरलेली होती. त्यांतल्या कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही रांगेत अण्णा उभे नव्हते. मी अहवालासाठी मध्यक काढते तेव्हा ज्यांना आधी बाजूला काढायचं असतं, ते अण्णा असतात.

त्यांच्या आधी आजोबा. तेही गिरणीत, पण सूतखात्यात. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. मात्र तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून मुंबईच्या गिरण्यांमधलं ते चांगल्या पगाराचं खातं आमच्या लोकांना बंद होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आजोबा सांगायचे, "आपल्या पगाराच्या पाकिटातून जात वजा व्हायची." वजाबाकीचं हे गणित मी लहानपणी ऐकलं आणि मोठेपणी त्याच वजाबाकीची पगारी तज्ज्ञ झाले.

या शहराच्या नकाशातही असंच गणित आहे. लाहोर पाकिस्तानात गेल्यावर पंजाबला नवी राजधानी हवी होती, म्हणून चंडीगड उभं राहिलं. पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी सरकारी नोकरांसाठी तेरा प्रकारची घरं आखली, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत, हुद्द्याच्या आणि पगाराच्या क्रमाने. ऐसपैस बंगले उत्तरेला, डोंगरांच्या बाजूला. खाली दक्षिणेकडे जावं तशी वस्ती दाट. उतरंडच ती. तरी सर्वांत खालच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, पाणी आणि स्वतःचा संडास होता. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या एका खोलीत आणि मजल्याच्या सामाईक संडासाच्या रांगेत वाढलेल्या मला पहिल्यांदा ती घरं पाहून हेवा वाटला होता. पण ज्या मजुरांनी हे शहर डोक्यावरून विटा वाहून बांधलं, त्यांचा त्या तेरा प्रकारांत नंबर नव्हता. ते तात्पुरत्या वसाहतींतल्या झोपड्यांत राहिले. रांग लावायच्या आधीच काही माणसं बाजूला काढलेली होती.

त्या वास्तुविशारदांच्या संघात ए. आर. प्रभावळकर हे नाव दिसलं तेव्हा मला आनंद झाला, आपलं माणूस! आणि पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की त्या आडनावाला मी मनातल्या मनात एका खणात ठेवूनही दिलं होतं. दोन सेकंदही लागले नाहीत. ही सवय फक्त मुलाखत घेणाऱ्यांची नाही.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पंधरा तारखेला मी सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरत होते. फाटकावरचा पहारेकरी, होशियारपूरकडचा, पन्नाशीचा माणूस, येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून लाडू देत होता. "कल बाबासाहब का जन्मदिन था, मॅडमजी." पुढच्या गाड्यांतल्या लोकांनी लाडू घेऊन 'थँक यू' म्हटलं होतं. मी लाडू घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "जय भीम."

त्याने हात मागे घेतला नाही. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडमजी, तुसीं वी?" मी मान हलवली. त्याने मागच्या गाडीकडे एकदा पाहिलं, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "मैं किसे नूं नईं दस्सदा, जी." मी कुणाला सांगणार नाही.

मी त्याला काही मागितलं नव्हतं. पण माझ्या खुर्चीवर बसलेल्या बाईला काय हवं असणार, हे त्याला न सांगता समजलं होतं. हुद्द्याने मी त्याच्यापेक्षा कितीतरी वर होते, आणि तो मला संरक्षण देत होता. पंजाबात दर शंभर माणसांमागे जवळपास ३२ अनुसूचित जातींची आहेत, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वाधिक; २०११ ची जनगणना हे सांगते. आमच्या फाटकावर, कँटीनमध्ये, माल चढवणाऱ्या टोळीत ती दिसत. टेबलाच्या खोलीत आम्ही एकच होतो, आणि ती एकही लपलेली. जातीचा निर्मूलनाचा तो प्रसिद्ध प्रबंध बाबासाहेबांनी लिहिला होता तो पंजाबसाठीच. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी. मंडळाने कचरून परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी न झालेलं भाषण स्वतः छापून काढलं. त्यांना गप्प राहायची सोय नव्हती असं नाही.

त्या वर्षी अहवालाच्या वेळी मी नामनिर्देशन आणि मानधन समितीपुढे दोन पानांचं टिपण ठेवलं. दोनच सूचना होत्या. एक: नव्या स्वतंत्र संचालकाचा शोध ओळखींच्या बाहेर करावा, जाहिरात देऊन, आणि यादीत कोण कुठून आलं याची नोंद ठेवावी. दोन: पगाराची पट छापताना, ठेकेदारांमार्फत काम करणारे त्यात धरलेले नाहीत, हे स्पष्ट लिहावं, आणि जमल्यास त्यांना धरून येणारी पटही शेजारी द्यावी. समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ये बात आपको इतनी क्यों चुभ रही है?"

मी म्हटलं, "सर, मेरे पिताजी सिक्युरिटी गार्ड थे. और हम पेशवाओं वाले नहीं हैं."

प्रवर्तक तिथेच बसले होते. त्यांना आपला जुना प्रश्न आठवला की नाही, माहीत नाही. कुणीतरी चटकन म्हणालं, "अरे, हमारे यहाँ ये सब कौन मानता है!" सगळे हसले. मग पुढचा विषय घेतला. त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं: 'सचिवांनी टिपण सादर केले. समितीने त्याची नोंद घेतली.' ज्यांनी अशी इतिवृत्तं वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, नोंद घेतली म्हणजे काही करायचं नाही असं ठरलं. नवा संचालक जुन्याच यादीतून आला. दर बैठकीला त्याला बसण्याचा भत्ता मिळतो. कायद्याने तो एका बैठकीचा एक लाखापर्यंत असू शकतो. अहवालात मात्र पटीच्या आकड्याखाली एक ओळ आली, लहान अक्षरांत: कंत्राटी कामगार या गणनेत समाविष्ट नाहीत. दुसरी पट आली नाही. पण ज्याला शोधायचं आहे त्याला, कुणीतरी वजा केलेलं आहे, एवढं आता दिसतं.

माझ्याशी कुणी वाईट वागत नाही. नामदेवजींच्या देशाची मी अजूनही आहे. एकदोघांचं कुतूहल तेवढं निघून गेलं आहे, मुंबईसारखं.

पुढच्या एप्रिलपर्यंत फाटकावरचा ठेकेदार बदलला होता. निळ्या गणवेशाचा राखाडी झाला. आतला माणूस तोच. त्याने लाडू पुढे केला, सवयीने मागच्या गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जय भीम, मॅडमजी."

मी काच पूर्ण खाली केली आणि म्हटलं, "जय भीम. दस्स दिओ जिन्नूं मर्जी, कोई गल्ल नईं."

माझी पंजाबी त्याला कळली की नाही, कोण जाणे. तो हसला आणि मागच्या गाडीला लाडू द्यायला गेला.